त्याला कधीपासून माहीत होतं

गोळ्यांची बाटली ओळखीची वाटली, तेव्हा मी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात, एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या एआरटी सेंटरमध्ये काउन्सेलर ताईंसमोर बसले होते. पांढरी, जाड प्लॅस्टिकची बाटली, आत तीस गोळ्या. ताई सांगत होत्या, रोज एक, ठरलेल्या वेळेला, एक दिवसही चुकवायचा नाही. माझं लक्ष त्यांच्या बोलण्याकडं नव्हतं. अशीच बाटली मी लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात सासरच्या कपाटात बघितली होती. लेबल नखानं खरवडून काढलेलं होतं. विचारल्यावर "थायरॉइडच्या गोळ्या" असं उत्तर मिळालं. आईला थायरॉइड आहे, तिच्या गोळ्याही बाटलीतच येतात, त्यामुळं मला काही वावगं वाटलं नाही. दोन-तीन महिन्यांनी ती बाटली दिसेनाशी झाली आणि मी विसरूनही गेले.

ते आठवलं त्या क्षणी माझा प्रश्न बदलला. चार दिवस मी एकच विचारत होते, हे मला कुठून आलं? आता विचारायचं होतं, त्याला कधीपासून माहीत होतं? पुढची दोन वर्षं पोलीस ठाण्यात, वकिलांच्या टेबलापुढं आणि न्यायालयात मी या एका प्रश्नाचं उत्तर कागदावर यावं म्हणून फिरले. ते कसं झालं ते लिहितेय, कारण मला त्या वेळी हे सांगणारं कुणी भेटलं नाही. नावं लिहिणार नाही. मी करवीर तालुक्यातली, सासर हातकणंगले तालुक्यातलं, एवढं पुरे.

लग्न डिसेंबर २०२२ मधलं. आमच्याकडं स्थळ बघतात तसंच बघितलं. पत्रिका जुळली, सातबारा बघितला, मुलगा निर्व्यसनी आहे का याची गावात दोन ठिकाणी चौकशी केली. बैठकीत आबांनी सरळ विचारलं होतं, "मुलाला काही आजारपण वगैरे?" सासूबाई हसून म्हणाल्या, "अहो, सर्दीसुद्धा होत नाही त्याला." सगळे हसले आणि चहा आला.

जानेवारी २०२४ मध्ये मी तिसऱ्या महिन्यात होते. गरोदर बाईच्या पहिल्या तपासण्यांमध्ये एचआयव्हीची तपासणी असतेच, आधी समजावून, संमती घेऊन करतात. माझी पॉझिटिव्ह आली. वेगवेगळ्या किटवर पुन्हा केली, तरी तीच. नवऱ्याला घेऊन या, असं सांगितलं. तो आला, पण तपासणीला नको म्हणाला. त्या रात्री मी त्याला विचारलं, "अहो, तुम्हाला माहीत होतं का?" तो भिंतीकडं तोंड करून झोपला. दुसऱ्या दिवशी मी माहेरी आल्यावर त्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला: "सांगितलं असतं तर तू लग्न केलं असतंस का?"

मी त्याला त्यानंतर कधी अहो म्हटलं नाही. मेसेज मात्र ठेवला. रागानं पुसायला बोट गेलं होतं, वहिनीनं हातातून फोन काढून घेतला. पुढं वकील मॅडमनी तो फोन बघितला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा वहिनीचं कौतुक केलं.

उपचाराचं आधी सांगते, कारण खटला त्याच्यावरच उभा आहे. काउन्सेलर ताईंनी मला दोन गोष्टी नीट समजावल्या. पहिली बाळाची. आईला काहीच उपचार नसतील तर बाळाला बाधा होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, वेळेत गोळ्या सुरू झाल्या तर ती ५ टक्क्यांच्याही खाली येते. दुसरी त्याची. गोळ्या नियमित घेऊन ज्याच्या रक्तातला विषाणू तपासणीत सापडण्याच्या पातळीखाली गेलाय, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला बाधा होत नाही. हे ऐकून मी सेंटरच्या बाहेर येऊन पायरीवर बसले. म्हणजे त्यानं मला सांगितलं नसतं, पण गोळी रोज घेतली असती, तरी मी वाचले असते. मला बाटली दिसली, मी विचारलं, आणि पुन्हा विचारू नये म्हणून त्यानं गोळ्याच बंद केल्या. लपवण्यापायी औषध सोडलं आणि औषध सोडल्यामुळं मला बाधा झाली. त्याला आजार होता याचा मला राग नाही. तो त्याला कसा झाला हे मी कधी विचारलं नाही, न्यायालयातही नाही. आजार असणं हा गुन्हा नव्हे. आज मलाही तोच आजार आहे, आणि मी कुणाची गुन्हेगार नाही.

मुलगी जुलै २०२४ च्या शेवटी झाली. पंचगंगेनं धोक्याची ४३ फुटांची पातळी ओलांडली होती, निम्मे रस्ते बंद, दादानं मला लांबच्या वाटेनं दवाखान्यात आणलं. सहा आठवडे तिला सिरप दिलं. सहाव्या आठवड्यात तिच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब कागदावर घेतले आणि तपासणीला पाठवले. तो रिपोर्ट निगेटिव्ह आला त्या दिवशी मी आबांना म्हटलं, आता पोलिसात जायचं. तोवर माझ्यात ताकद नव्हती. कुणी म्हणेल उशीर केला, पण पोटात बाळ असताना मला दुसरं काही सुचत नव्हतं.

पोलीस ठाण्यातला पहिला दिवस मला लिहावासाही वाटत नाही, पण लिहिते. समोरच्या माणसानं अर्ज वाचला आणि खुर्ची मागं सरकवली. मग म्हणाला, "ताई, हे नवरा-बायकोतलं आहे. बसून मिटवा." मग विचारलं, "तुम्हालाच आधीपासून नव्हतं कशावरून?" दादा उठला, मी त्याचा हात धरला. अर्जाची पोहोचसुद्धा मिळाली नाही. बाहेर आल्यावर ओळखीच्या एकानं सल्ला दिला, "हुंडा मागितला, मारहाण केली असं लिहा, केस भक्कम होती." आमच्याकडून कुणी हुंडा मागितला नव्हता. मला कुणी हातही लावला नव्हता. मी नाही म्हटलं. एक खोटं कागदावर गेलं असतं तर माझ्या खऱ्यावरही कुणी विश्वास ठेवला नसता.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं मला एआरटी सेंटरमधूनच कळलं. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती हे बघत नाहीत. कसबा बावड्याच्या न्याय संकुलात जाऊन अर्ज दिला आणि मला वकील मॅडम मिळाल्या. त्या माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. पहिल्या भेटीत त्यांनी तीन तास दिले. त्यांनी सांगितलेलं मी वहीत उतरवून घेत होते, ती वही अजून आहे.

दादाचं म्हणणं होतं, खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावा. मॅडम म्हणाल्या, ते टिकणार नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२० मध्ये अशाच मुद्द्यावर कलम ३०७ खालची शिक्षा रद्द केली होती. तो माणूस बलात्काराचा दोषी होता, ती शिक्षा कायम राहिली, पण बाधा असताना संबंध ठेवला एवढ्यावरून खुनाचा प्रयत्न ठरत नाही असं न्यायालयानं म्हटलं. आपल्याकडं यासाठी वेगळा असा कायदा नाही. आहे ते जुन्या दंडसंहितेतलं, साथीच्या रोगांसाठी लिहिलेलं. कलम २६९ म्हणजे निष्काळजीपणानं जीवघेणा रोग पसरवणं, सहा महिन्यांपर्यंत कैद. २७० म्हणजे तेच, पण दुष्ट हेतूनं, दोन वर्षांपर्यंत. आता ती नव्या न्याय संहितेत २७१ आणि २७२ झाली आहेत. दोन वर्षं ऐकून आई रडायला लागली. "एवढंच?" म्हणाली.

त्या दिवशी मॅडमनी सांगितलेली एक जुनी गोष्ट मी विसरत नाही. १८८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढं रखमा नावाच्या बाईचा खटला आला होता. ती शरीरविक्रय करणारी, तिला उपदंश, आणि तिच्याकडं गेलेल्या पुरुषाला बाधा झाली म्हणून २६९ लावलेलं. न्यायालय म्हणालं, तो पुरुष स्वतःही त्या कृत्यात सहभागी होता, त्यामुळं हे कलम बसत नाही. तिनं खोटं सांगून त्याला फसवलं असेल तर फसवणुकीचा विचार होऊ शकेल. आरोपीचा वकील हाच मुद्दा काढणार, मॅडम म्हणाल्या: तुम्ही पत्नी होता, संमती होती. म्हणून आपण फसवणुकीचं कलमही मागायचं. तुमची संमती खोट्यावर घेतलेली होती. आबांचा बैठकीतला प्रश्न आणि सासूबाईंचं उत्तर तेव्हा पहिल्यांदा कागदावर आलं.

२०१७ चा एचआयव्ही कायदा मी स्वतः वाचून काढला. सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. त्याच्या कलम १० मध्ये आपल्या मनातलंच लिहिलंय, ज्याला आपली बाधा आणि ती कशी पसरते हे माहीत आहे त्यानं दुसऱ्याला ती होऊ नये म्हणून काळजी घेतली पाहिजे, संबंधाआधी सांगणं हीसुद्धा काळजीच. पण हे मोडणाऱ्याला शिक्षा काय, ते त्या कायद्यात नाही. शिक्षेसाठी पुन्हा दंडसंहितेकडंच यावं लागतं. त्याच कलमात एक सूट आहे, सांगितल्यावर मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असलेल्या बाईला ते बंधन नाही. ती ओळ मी दोनदा वाचली. ज्यानं कुणी ती घातली, त्याला आपली घरं माहीत असणार.

अर्ज पुन्हा लिहिला आणि रजिस्टर पोस्टानं पोलीस अधीक्षकांकडं पाठवला. ठाण्यात नोंद घेतली नाही तर कायद्यानं पुढची पायरी ती आहे आणि त्यानंतरची न्यायदंडाधिकाऱ्यांची. आमचं काम अधीक्षकांच्या पायरीवर झालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुन्हा नोंदवला गेला. जबाब घ्यायला महिला अधिकारी घरी आल्या, साध्या कपड्यांत, गाडी गल्लीच्या तोंडाला लावून. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. सुरुवातीला नोंदीत नव्या संहितेचं कलम पडलं होतं. पण कृत्य १ जुलै २०२४ च्या आधीचं, म्हणून जुनी दंडसंहिता लागते, तपासाची पद्धत तेवढी नवी. मॅडमनी ते त्याच दिवशी दुरुस्त करून घेतलं. अशी एक चूक आरोपीला वर्षभर पुरते, असं त्या म्हणाल्या.

त्याच महिन्यात कौटुंबिक न्यायालयात लग्न रद्द करण्याचा अर्ज दिला. घटस्फोट नव्हे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ मध्ये, महत्त्वाची गोष्ट लपवून संमती घेतली असेल तर लग्न रद्द होतं. पण फसवणूक कळल्यापासून एका वर्षात अर्ज द्यावा लागतो आणि कळल्यावर आपण राजीखुशीनं त्याच्यासोबत राहिलेलं नसावं लागतं. मी दुसऱ्या दिवशीच माहेरी आले होते, ते कायदा माहीत होता म्हणून नाही. आणि वर्ष संपायला दोनच महिने उरले होते. कितीजणी "बघूया, सुधारेल" म्हणत सहा महिने राहतात आणि त्या राहण्यानंच हा रस्ता बंद होतो. आईला काळजी पोरीची, लग्नच नव्हतं म्हटल्यावर पोर कुणाची म्हणायची? त्याचं उत्तर कलम १६ मध्ये आहे. लग्न रद्द झालं तरी मूल औरसच राहतं.

आता पुराव्याचं. त्यानं जबाब दिला की आजार माझ्याकडून त्याला आला. ठाण्यात विचारलेला प्रश्न आता लेखी समोर होता. इथं मला शाहू जयंतीनं वाचवलं. २६ जून २०२२ ला आमच्याकडच्या शिबिरात मी रक्तदान केलं होतं. दिलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, उपदंश आणि मलेरियासाठी तपासणी होते. रक्तदात्याचं कार्ड आईच्या देव्हाऱ्याखालच्या डब्यात सापडलं. त्यावरून रक्तपेढीच्या नोंदीपर्यंत पोहोचलो. लग्नाच्या सहा महिने आधी माझं रक्त स्वच्छ होतं.

मेसेजचं वाटलं होतं सोपं असेल, स्क्रीनशॉट छापून दिला की झालं. तसं नसतं. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, फोन कुठला, कुणाच्या ताब्यात होता, मजकूर कसा काढला, सगळं. मी फोन बदलला नव्हता, ते बरं झालं.

राहिली त्याची फाइल. तो कुठल्या तरी सेंटरमध्ये नोंदलेला असणारच, गोळ्या दुकानातून आणलेल्या नव्हत्या. मला वाटलं पोलीस जाऊन ती आणतील. तसं कुणालाच आणता येत नाही. कुणाचीही एचआयव्हीची माहिती त्याच्या लेखी संमतीशिवाय किंवा न्यायालयाच्या आदेशाशिवाय बाहेर देता येत नाही, एचआयव्ही कायद्याचं कलम ८. मी काउन्सेलर ताईंवर चिडले. तुम्हा लोकांना माहीत होतं, मग मला का सांगितलं नाही? त्या शांतपणे म्हणाल्या, जोडीदाराला धोका आहे आणि हा माणूस सांगणार नाही अशी खात्री झाली तर डॉक्टर किंवा काउन्सेलर त्याला कळवून जोडीदाराला सांगू शकतात. पण जोडीदार शोधत फिरणं कायद्यानं आमच्यावर नाही. ज्यानं अविवाहित म्हणून नोंद केली आणि लग्नाचं कळवलंच नाही, त्याची बायको आम्हाला कुठून दिसणार?

घरी येऊन मी विचार करत राहिले. ही भिंत त्याला वाचवत होती, खरं. पण त्याच भिंतीआड माझीही फाइल होती. माझ्या मैत्रिणींना, मी जिथं हिशेब लिहायला जाते त्या लक्ष्मीपुरीतल्या शेठजींना, शेजारच्या काकूंना आजही काही माहीत नाही, ते याच कलमामुळं. खटल्यातसुद्धा माझं नाव नाही. त्याच कायद्याच्या कलम ३४ खाली अर्ज दिला आणि न्यायालयानं नावाऐवजी अक्षर वापरायची परवानगी दिली, सुनावणी बंद दाराआड. पुकारा होतो तेव्हा शिपाई माझं नाव घेत नाही. म्हणून मी मॅडमना म्हटलं, भिंत पाडायला नको, आपल्यापुरती खिडकी मागूया. मॅडमनी अर्ज केला, फक्त दोन गोष्टी हव्यात: नोंदणीची तारीख आणि गोळ्या नेल्याच्या तारखा. त्याला बाधा कशी झाली, बाकी काय लिहिलंय, ते आम्हाला नको.

आदेश यायला आठ महिने गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये बंद पाकीट आलं. त्याच सुमारास सीपीआरच्या समोर, जुन्या न्यायालयाच्या इमारतीत उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं होतं. मी गोळ्या आणायला जाताना तिथली वकिलांची गर्दी बघायची. पाकीट कौटुंबिक न्यायालयात न्यायाधीशांनी उघडलं. नोंदणी ऑक्टोबर २०२१. लग्नाआधी चौदा महिने. दर महिन्याला गोळ्या नेल्याच्या तारखा, ओळीनं. शेवटची तारीख मार्च २०२३. त्यानंतर कोरं.

माझ्या घशाशी काहीतरी आलं आणि मी पाणी मागितलं. तो समोरच उभा होता, खाली बघत.

डिसेंबरमध्ये लग्न रद्द झालं. मुलीची अठरा महिन्यांची शेवटची तपासणी जानेवारीत झाली, निगेटिव्ह. माझा व्हायरल लोड गेली दीड वर्षं तपासणीत सापडत नाही, गोळी रात्री नऊला घेते. फौजदारी खटला अजून चालू आहे. गेल्या महिन्यात माझी उलटतपासणी झाली. त्याच्या वकिलांनी विचारलं, "लग्नाआधी तुम्ही मुलाला आजाराबद्दल विचारलं होतं का?" मी म्हटलं, "मी नाही. माझ्या वडिलांनी विचारलं होतं, सगळ्यांसमोर." ते म्हणाले, "तसा काही पुरावा?" मी म्हटलं, "माझे वडील."

पुढची तारीख आबांच्या साक्षीची आहे. ते दोन वर्षांत या विषयावर माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. परवा रात्री पाणी प्यायला उठले तर ते सोप्यात दिव्याखाली बसलेले दिसले. जुन्या वहीच्या पानावर त्यांनी बैठकीचा दिवस लिहून काढला होता, तारीख, वेळ, कोण कोण आलं होतं. चौकोन काढून त्यात सोप्याची आकृती केली होती आणि प्रत्येकाच्या जागेवर नाव लिहिलं होतं. सासूबाईंच्या जागेपुढं अवतरणचिन्हांत ते वाक्य होतं. मला बघून म्हणाले, "चहा त्यांच्या बोलण्याच्या आधी आला होता का नंतर गं?"

"नंतर," मी म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं.